कर्ज सगळ्यांचं, हॉल कुणाचा?

"सरकारचे फुकटचे पैसे आहेत रे. तू कम्प्युटरवाला, फॉर्म तेवढा भरून टाक!"

मंडळाच्या काकांचा फोन. मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मंडळाने घेतलेल्या जुन्या इमारतीचं छप्पर गळतंय आणि दुरुस्तीसाठी राज्याच्या रोख्यांतून अनुदान मागायचं ठरलंय.

'फुकटचे' म्हटल्यावर माझं डोकं सरकलं.

इथे आमदार आपल्या भागातल्या संस्थेचं नाव सुचवतात. विधिमंडळाने मान्य केलं की राज्य रोखे विकून, म्हणजे चक्क कर्ज काढून, ती रक्कम उभी करतं. राज्यघटनेप्रमाणे हे कर्ज १५ वर्षांत फेडावं लागतं. त्यासाठी मालमत्ता कर आहे: दर १०० डॉलर मूल्यामागे ११.२ सेंट. म्हणजे ४ लाख डॉलरच्या घराला वर्षाला ४४८ डॉलर. मला इथे मत नाही, घरही नाही. पण घरमालक हा कर भाड्यातूनच काढतो. आमच्या छपराचा हप्ता मी भरणार आणि मंडळाचं नावही न ऐकलेला बसड्रायव्हरही भरणार.

कर्जाला माझा विरोध नाही. छप्पर वर्षानुवर्षं टिकतं, मग त्याचा सगळा भार एकाच वर्षाच्या करदात्यांवर का? पगार आणि कार्यक्रमांसाठी हे पैसे नसतात, प्रार्थनास्थळ बांधायलाही चालत नाहीत. हे योग्यच आहे.

माझं भांडण वाटपाशी आहे. ज्या संस्थेत सिनेटरला दिवाळीला बोलावणारे काका आहेत, हिशेब बघणारा अकाउंटंट आहे, तिला हा रस्ता सोपा. दोन स्वयंसेवकांवर चालणारं अन्नवाटप केंद्र अर्जापर्यंत पोचणार कसं? 'आमदार निधीतून' अशी पाटी मिरवणारं आणि कायम कुलूपबंद असलेलं समाजमंदिर तुम्हीही गावाकडे पाहिलं असेल. पाटीवरचं नाव लांबून वाचता येतं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. तेच आता इथे कर्ज काढून करायचं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ओळखीवर नाही, जाहीर निकषांवर गुण देऊन संस्था निवडा. आणि जी संस्था पैसे घेईल, तिने कर्ज फिटेपर्यंत आपलं दार सगळ्यांना उघडं ठेवावं. १५ वर्षांचं कर्ज, तर १५ वर्षं उघडं दार. हॉल कधी रिकामा आहे, ते कुणालाही ऑनलाइन दिसलं पाहिजे.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपल्या नाटकाच्या तालमींचं काय?"

"शनिवार-रविवार आपले, काका. बाकीचे पाच दिवस हॉल रिकामाच तर असणार."

ते जरा थांबले. "कमिटीत विचारतो."

विचारा. फॉर्म भरायला मला फार तर एक संध्याकाळ लागेल. पण दार उघडं ठेवण्याचा ठराव हातात पडेपर्यंत मी एक अक्षरही टाइप करणार नाही.