कात टाकण्याचा ऋतू

शारदीय नवरात्र उलटले, की आपल्या शहरांतून एक नवा ऋतू सुरू होतो. त्याचे नाव पंचांगात सापडत नाही. ते ब्यूटी पार्लरांच्या काचांवर आणि त्वचेच्या दवाखान्यांतील फलकांवर वाचावयास मिळते. उन्हाळ्याचा करपटपणा आणि पावसाळ्याचे मळभ घालवून लग्नसराईपूर्वी 'नवी त्वचा' धारण करावी आणि त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा केमिकल पील करून घ्यावे, असा या ऋतूचा विधी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असे काही विद्वज्जन विचारतील. माझे उत्तर एवढेच, की चेहऱ्याला आम्ल लागण्यापूर्वी मनाला शब्द लागलेले असतात, आणि शब्दांचा हिशेब मागणे हे समीक्षेचेच काम आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केमिकल पील म्हणजे विशिष्ट तीव्रतेचे द्रावण त्वचेवर ठरावीक काळ लावून तिचा वरचा थर सोलून काढण्याची क्रिया. उसात आढळणारे ग्लायकॉलिक, दुधाच्या आंबण्यातून येणारे लॅक्टिक, कडू बदामातून प्रथम हाती लागलेले मँडेलिक ही त्यांतली सौम्य आम्ले. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल अधिक खोल जाते. फिनॉल त्याहूनही खोल जाते. ते रक्तात शोषले गेल्यास हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ते वापरताना रुग्णाच्या हृदयावर सतत लक्ष ठेवावे लागते. सौम्य आम्ले मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल करतात. तो थर गळून पडतो आणि खालची त्वचा उघडी होते. निरोगी तरुण त्वचा हेच काम सुमारे चार आठवड्यांत, कोणताही गाजावाजा न करता, आपले आपण करीत असते. हॅम्बुर्गचे त्वचावैद्य पॉल गेर्सन उन्ना यांनी १८८२ साली यांपैकी काही द्रव्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्यासमोर रुग्ण होते. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी ग्लायकॉलिकच्या कुळातील आम्लांचा गुण दाखवला, तोही अंगावर माशासारखी खवले धरणाऱ्या व्याधीच्या संदर्भात. या विद्येचा उगम दुखण्यात आहे, हे येथे लक्षात ठेवावयाचे.

म्हणूनच या उपचाराचा सरसकट धिक्कार करणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही. मुरुमांनी विद्रूप झालेल्या चेहऱ्याने वर्गात मान खाली घालून बसणारे विद्यार्थी मी तीस वर्षे पाहिले आहेत. बाळंतपणानंतर गालांवर वांग उतरलेल्या स्त्रीला 'सौंदर्य क्षणभंगुर आहे' असे ऐकवणे हा निव्वळ उद्दामपणा आहे. जाणत्या वैद्याने निदान करून, त्वचेची जात ओळखून केलेले पील अशा माणसांचे दुःख हलके करीत असेल, तर साहित्यिकांनी त्याविरुद्ध नाक मुरडण्याचे कारण नाही.

तितकेच भाबडे दुसऱ्या गटाचे म्हणणे आहे. त्वचा जाळण्याची ही क्रूर कल्पना पाश्चात्त्यांची. आपल्याकडे काय, तर हळद, चंदन आणि मसुराचे पीठ, असा त्यांचा अभिमान. त्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय उघडून पाहावा. तेथे वनस्पतींच्या राखेपासून दाहक क्षार करण्याची कृती सविस्तर दिली आहे. त्याचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार केले आहेत. व्यंग, न्यच्छ, तिलकालक अशा त्वचेवरील विकारांवर तो लावण्यास सांगितले आहे. तो लावल्यावर शंभर मात्रा मोजण्याइतका वेळ थांबावे आणि मग आम्ल द्रव्याने त्याचा दाह शमवावा, असा विधी आहे. आजचा त्वचातज्ज्ञ आम्ल लावतो, घड्याळ पाहतो आणि खाण्याच्या सोड्यासारख्या क्षाराने ग्लायकॉलिक शमवतो. द्रव्ये उलटली, तत्त्व तेच राहिले. आणि अडाण्याच्या हातचा क्षार प्राणघातक ठरतो, हा इशाराही त्याच अध्यायात आहे.

तेव्हा वाद पूर्व-पश्चिमेचा नाही. तो आहे औषध आणि आचार यांच्यातील सीमारेषेचा. आपल्या परंपरेत ही रेषा स्पष्ट होती. वाग्भटाने ऋतुचर्या सांगताना हेमंतात अंगाला तेल चोळण्यास सांगितले. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण तेल-उटणे लावतो तेही ऋतूचेच स्नान. पाटावर आजोबा बसतात, नातू बसतो, माहेरवाशीण बसते. गोरा बसतो तसा काळाही बसतो, आणि अभ्यंगानंतर कोणाचा वर्ण किती पालटला, हे कोणी आरसा धरून पाहत नाही. उटणे ऋतूचे होते, क्षार रोगाचा होता. आजच्या बाजाराने क्षाराला उटण्याच्या पाटावर आणून बसवले आहे. माझा आक्षेप नेमका येथे आहे. उपचार एकदा ऋतुचक्रात शिरला, की त्याला रोगाची गरज उरत नाही. दर शरदात प्रत्येक निरोगी चेहरा आपोआप रुग्ण ठरतो.

शिवाय हा ऋतू तरी कोणाचा? पील हिवाळ्यात करावे, कारण नव्याने उघडी झालेली त्वचा उन्हाला अधिक हळवी असते, हा सल्ला योग्यच आहे. पण तो पूर्ण अर्थाने लागू पडतो तो हॅम्बुर्गसारख्या त्रेपन्न अंश उत्तरेकडील शहराला, जेथे डिसेंबरात सूर्य जेमतेम डोके वर काढतो. मुंबई एकोणीस अंशांवर आहे, चेन्नई तेरा अंशांवर. येथे पौषातही भर दुपारी डोक्यावर पदर घ्यावा लागतो. स्कूटरवरून कचेरीत जाणाऱ्या मुलीला 'सूर्य टाळा' असे सांगणे सोपे आहे. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या स्त्रीला ते सांगण्याची तर कोणाची छाती होणार नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्वचेच्या स्वभावाची. रंग निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशींच्या कार्यशीलतेने. सावळ्या त्वचेतील या पेशी अधिक जागरूक असतात. इजा झाली, दाह झाला, की त्या अधिक रंग निर्माण करतात. म्हणजे जिचा सावळेपणा पुसण्यासाठी आम्ल लावावे, ती प्रमाण चुकताच अधिक काळवंडून उत्तर देते. त्वचेच्या वर्गीकरणाची जी मोजपट्टी आज जगभर वापरतात, ती फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली तेव्हा तिच्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार मागाहून जोडण्यात आला. आपण पुरवणीत आलेली माणसे आहोत, एवढे तरी आरशासमोर बसताना आठवावे.

आता शब्दांकडे वळतो. त्याच १९७५ साली भारतात 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम आले. २०२० साली त्यातील गोरेपणाचा शब्द गळाला आणि 'ग्लो' हा शब्द आला. पीलच्या जाहिरातींतही गोरेपणाचे नाव कोणी उघडपणे घेत नाही. ग्लो येतो, तेज येते, कांती येते. पण या 'ग्लो'चे मराठीकरण होते तेव्हा शब्द येतो 'उजळ'. मराठीत 'उजळ' म्हणजे चमकदार, आणि 'उजळ' म्हणजे गोराही. स्थळ पाहायला गेलेली मावशी 'मुलगी उजळ आहे' म्हणते तेव्हा ती मुलीच्या तेजाविषयी बोलत नसते. वस्तुतः रंगाशी संबंध न ठेवता त्वचेचे आरोग्य सांगणारा एक सुंदर शब्द आपल्याकडे आहे: तुकतुकीत. तुकतुकीत काळा रंग आपल्या आज्यांना ठाऊक होता. तो शब्द एकाही फलकावर दिसत नाही, कारण त्यातून काही विकता येत नाही.

परंतु सारा दोष बाजाराच्या माथी मारून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अब्रूने जगणे म्हणजे 'उजळ माथ्याने' वावरणे आणि बेअब्रू होणे म्हणजे 'तोंड काळे करणे', ही वाक्प्रचारांची टांकसाळ बाजाराने काढलेली नाही. पंढरीचा विठ्ठल सावळा, द्रौपदीचे नावच कृष्णा, रवींद्रनाथांची 'कृष्णकली' काळी, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. देव सावळा चालतो. सून चालत नाही. आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांची नायिका केतकी वर्णाची असते, आणि क्वचित ती सावळी झालीच, तर लेखक पुढच्याच वाक्यात तिच्या टपोऱ्या डोळ्यांची नुकसानभरपाई देतो. आम्ही समीक्षकांनी त्या कादंबऱ्यांच्या रचनेची, निवेदनाची, कालभानाची चिकित्सा केली. त्या नुकसानभरपाईची चिकित्सा केली नाही.

या दोषात मीही भागीदार आहे, म्हणून एक घरगुती प्रसंग सांगते. माझी भाची सावळी आहे. मार्गशीर्षात तिचे लग्न होते. दिवाळीच्या आधी एका पार्लरमध्ये तिने तीन पील एकत्र ठरवली. कोणते आम्ल, किती तीव्रतेचे, हे तिला कोणी सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही. दुसऱ्या खेपेनंतर दोन्ही गालांवर रुपयाएवढे काळे डाग उमटले. पुढे त्वचातज्ज्ञाच्या उपचाराने ते फिकट झाले. त्याला आठ महिने लागले. लग्नाच्या छायाचित्रांत ते जाड रंगाखाली झाकलेले आहेत. मी तिच्यावर रागावले. शिकलेली मुलगी तू, असले खूळ डोक्यात आले कुठून, असे विचारले. ती शांतपणे म्हणाली, "आत्या, 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे', असं तूच सगळ्यांना सांगायचीस. ते 'तरी' घालवायला गेले होते मी."

चाळीस वर्षे मी भाषा शिकवली. पण या एका अव्ययात किती हिंसा साठलेली असते, हे मला तिच्याकडून शिकावे लागले.

'माझी त्वचा, माझा निर्णय' असा युक्तिवाद यावर केला जातो. तो मला मान्य आहे. प्रौढ व्यक्तीच्या देहावर तिचाच अधिकार चालावा. तथापि निर्णय स्वतंत्र म्हणावयाचा, तर त्यामागे माहिती हवी आणि नकाराची मुभा हवी. जिला द्रव्याचे नाव ठाऊक नाही तिच्याजवळ माहिती नाही. जिचे लग्न रंगावर अडून राहते तिला नकाराची मुभा नाही. अशा निर्णयाला स्वातंत्र्य म्हणणे ही शब्दाची आणखी एक फसवणूक होय.

मग करावयाचे काय? आम्ल हाताळणाऱ्याने निदान केल्यावाचून बाटली उघडू नये. द्रव्य, तीव्रता आणि धोका रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावा. आणि दुखणे नसेल तर 'तुम्हाला याची गरज नाही' एवढे वाक्य उच्चारण्याचे धैर्य दाखवावे. हे वैद्यांचे झाले. आमचे काम वेगळे आहे. सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले आणि सर्वांत बाहेरच्या थराला 'अवभासिनी' म्हटले, कारण सर्व वर्ण तिच्यातून प्रकट होतात. सर्व वर्ण, त्यात उजळ-काळ्याची प्रतवारी नाही. ती प्रतवारी आपल्या गद्याने, गप्पांनी आणि कौतुकाने तिच्यावर लादली. सापाला कात टाकावी लागते, कारण जुनी कात त्याला अपुरी पडू लागते. आपल्या मुलींची त्वचा त्यांना कधीच अपुरी पडली नव्हती. अपुरी पडली ती आपली भाषा. कात टाकावयाची असेल, तर तिने टाकावी. आणि पहिल्याने गळून पडावे ते 'तरी'. माझी भाची सावळी आहे आणि नाकीडोळी नीटस आहे. हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी म्हणावयास हवे होते.