कॅसिनो पोकरचे दालन कशासाठी राखतो?

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगारास कायद्याची मान्यता दिली आणि पुढे लास व्हेगास हे वाळवंटातील शहर त्याच धंद्यावर वाढले. तेथील मोठ्या कॅसिनोंत व्यापारी दृष्टीच्या माणसास एक गोष्ट चटकन जाणवते. स्लॉट यंत्रांच्या रांगा शेकड्यांनी मोजाव्या लागतात. पोकरची मेजे मात्र पुष्कळ ठिकाणी आठ-दहाच असतात. इतक्या मोलाच्या जागेत हे लहानसे दालन का राखले जाते, हा प्रश्न हिशेबाचा आहे आणि त्याचे उत्तरही हिशेबातच सापडते.

रुलेटच्या चक्रात ग्राहक कॅसिनोविरुद्ध खेळतो. अमेरिकी चक्रावर ३८ घरे असतात, पण अचूक घर लागले तरी लाभ ३५ पटच मिळतो. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरांमागे सरासरी ५.२६ डॉलर मालकाकडे राहतात. हा त्याचा स्वतःच्या मालाचा व्यापार होय. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो केवळ मेज आणि पत्ते वाटणारा डीलर पुरवतो व डावात जमलेल्या रकमेतून आपला वाटा कापून घेतो. त्यास तेथे ‘रेक’ म्हणतात. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत ती अडत झाली. ती बहुधा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत असते आणि लहान खेळांत चार-पाच डॉलरांवर थांबते.

एका मेजावर तासाला सुमारे ३० डाव होतात. डावामागे सरासरी ४ डॉलर धरले तर तासाची अडत १२० डॉलर झाली. त्यातूनच डीलर, देखरेख करणारा अधिकारी व रोखपाल यांचे वेतन निघावयाचे. तेवढ्याच जागेत मांडलेल्या यंत्रांना डीलर लागत नाही आणि ती रात्रंदिवस थकत नाहीत. जागेच्या उत्पन्नात पोकर मागे पडते ते यामुळे.

हे दालन फुगले आणि ओसरले, त्याचा काळही फार जुना नाही. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने इंटरनेटवरील अल्प शुल्काच्या स्पर्धेतून पोकरची जागतिक स्पर्धा गाठली आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर घराघरांत या खेळाचे वेड शिरले व कॅसिनोंनी मेजे वाढवली. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने पोकरच्या मोठ्या संकेतस्थळांवर खटले भरले. पुढील वर्षांत लास व्हेगासमधील अनेक दालने आकसली, काही बंद झाली.

तरीही कित्येकांनी ती का राखली, हे किराणा दुकानदारास समजावून सांगण्याची गरज नाही. साखरेवर सुटणारा नफा नाममात्र असतो. परंतु साखर नसलेल्या दुकानात गिऱ्हाईक सुकामेवा घ्यायलाही येत नाही. चार मित्र सहलीस निघाले आणि त्यांतील एकालाच पोकर हवे असले, तरी चौघेही तेथेच उतरतात. उरलेले तिघे यंत्रांपाशी बसतात, भोजनगृहात जातात, खोल्यांचे भाडे भरतात. पोकरची जागा रिकामी नसेल तर खेळाडूचे नाव यादीत लिहून घेतले जाते आणि तो वाट पाहत यंत्रांमधूनच फिरतो. जिंकून उठलेल्याची वाटही त्यांच्याच रांगांतून जाते.

दालन लहान का, याचा उलगडा शेजारच्या कॅलिफोर्नियात होतो. तेथील पत्त्यांच्या क्लबांना ग्राहकाविरुद्ध स्वतः खेळण्याची मुभा नाही. म्हणून लॉस एंजेलिसजवळच्या कॉमर्स कॅसिनोत पोकरची मेजे शंभरावर आहेत. जेथे अडतीवाचून दुसरा मार्ग नाही तेथे अडतच मोठी होते. जेथे दोन्ही खुले आहे तेथे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाणार नाही, एवढेच पोकर ठेवणे फायद्याचे ठरते.

आपल्याकडे गोव्याने १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील मेजांच्या खेळांना वाट करून दिली. आज मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-नौकांवर पोकरचे वेगळे कक्ष असतात. महाराष्ट्राने १९७६ चा आपला कॅसिनो कायदा कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. तरी मुंबई-पुण्याहून गोवा दूर नाही, आणि व्यापारी घरांतील तरुणांच्या तोंडी एक युक्तिवाद असतो : पोकर हा बुद्धीचा खेळ आहे, येथे मालक आपल्याविरुद्ध नसतो.

मालक विरुद्ध नसतो हे खरे. पण तो मेजावरून उठतही नाही. वरचाच हिशेब पुढे न्यावा. नऊ जणांनी प्रत्येकी २०० डॉलर आणले, तर मेजावर १,८०० डॉलर झाले. आठ तासांत ९६० डॉलर अडतीत गेले. पहाटे नऊ जणांत मिळून ८४० डॉलर उरले, मग त्यांतील कोण कितीही बुद्धिमान असो. एखादा नफ्यात उठलाच, तर त्याचा नफा आणि मालकाची अडत, दोन्ही उरलेल्यांच्या खिशातून आलेली असतात.

सप्तव्यसनांत द्यूताचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, हे या तरुणांनी लहानपणापासून ऐकलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्या जोडीला हा जमाखर्चही कागदावर मांडून दाखवावा. ज्या घरात मुलांना वही लिहावयास शिकवतात, त्या घरात तो समजण्यास वेळ लागणार नाही.