परवाना तपासला, बंदूक कोण तपासणार?

सोयाबीन शेंगांवर आले, तूर फुलोऱ्यात आली, की बार्शीटाकळी तालुक्यातील शेतकऱ्याची रात्र घरात सरत नाही, ती शेतात सरते. महानच्या जलाशयाला लागून असलेले काटेपूर्णा अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. त्याची सीमा नकाशावर आखली गेली. पण रानडुकरांना आणि रोह्यांना ती सीमा वाचून दाखविणारा कोणी नाही. एका रात्रीत कळप शिरतो आणि चार महिन्यांची मेहनत भुईसपाट होते. जागल करणाऱ्याने मग काय करावे? डबा बडवावा, बॅटरीचा झोत टाकावा, फटाके उडवावेत; आणि ज्याच्या घरी आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक असेल, त्याने ती खुंटीवरून उतरवावी. या अखेरच्या साधनाची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कोणी विचारीत नाही. तोच आज विचारावयाचा आहे.

इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने या देशातील प्रजेला निःशस्त्र केले. स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ साली अमलात आला, तेव्हा त्यात पिकांच्या रक्षणाची गरज स्पष्टपणे मान्य करण्यात आली. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी पडेल अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान वीस इंच नळीची साधी काडतुसी बंदूक, अशी ती तरतूद आहे. धारकाच्या निधनानंतर वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. अशा रीतीने बंदूक आजोबांकडून नातवाकडे येते. परवान्याचा कागद दर नूतनीकरणाला ताजा होतो. लोखंड मात्र जुनेच राहते. कागद, क्रमांक आणि मुदत यांची विचारपूस होते. नळीच्या आत डोकावून पाहिले गेल्याचा अनुभव क्वचितच कोणी सांगेल.

वस्तुतः धोका नळीच्या आतच असतो. जुन्या काळच्या अनेक बंदुका काळ्या दारूसाठी घडविलेल्या आहेत; आजच्या काडतुसातील धूरविरहित दारूचा दाब त्यांना मानवेलच असे नाही. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते आणि न पुसलेली नळी एका पावसाळ्यात आतून कुरतडली जाते. दुसरा धोका लांबीचा. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून त्याचे तोंड उघडल्यानंतरची असते. म्हणून पासष्ट मिलिमीटरच्या घरात सत्तर मिलिमीटरचे काडतूस बिनतक्रार बसते. पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडावयास जागा उरत नाही आणि दाब वाढतो. तिसरा धोका सर्वांत साधा आणि सर्वांत भयंकर. बारा बोअरच्या बंदुकीत चुकून वीस बोअरचे काडतूस पडले, तर ते पुढे सरकून नळीत अडकते. बंदूक रिकामी आहे असे समजून मागे बारा बोअरचे काडतूस भरले आणि चाप ओढला, की नळी फुटते आणि तिच्याखाली धरलेला हातच जायबंदी होतो.

आपल्याकडे बहुधा एकनळी अथवा दुनळी बंदूक आढळते. क्वचित एखाद्या घरी पुढची मूठ मागेपुढे ओढून भरावयाची पंप बंदूक असेल, तर तिच्या वारसाने अधिक सावध राहावे. जॉन ब्राउनिंगने रचलेल्या १८९७ च्या विंचेस्टर बंदुकीत चाप दाबून धरला असता मूठ पुढे जाताच बार उडतो. चाप सोडून पुन्हा ओढावा लागत नाही. शिवाय पंप बंदुकीची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत दडलेली असतात. वरचे घर रिकामे दिसले म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे. याच बंदुकीच्या आधीची १८९३ ची आवृत्ती नव्या दारूला टिकेना, तेव्हा खुद्द कारखान्यानेच ती परत घेऊन बदल्यात नवी बंदूक देऊ केली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका व्यापारी कारखान्याला जे सुचले, ते आपल्या शासनयंत्रणेला सुचू नये काय?

आता दुरुस्तीकडे वळू. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीची दुरुस्ती करण्याचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. परंतु परवानाधारक कारागीर दूर, त्याच्याकडे जाण्यायेण्यात दिवस मोडणार आणि पीक तर उद्याच राखावयाचे. मग पावले गावच्या भात्याकडे वळतात. आमच्या लोहारांच्या कौशल्याविषयी आम्हाला आदर आहे. पण नळीला डाग देणे अथवा घोड्याच्या खाचा कानशीने घासणे म्हणजे नांगराचा फाळ शेवटणे नव्हे. तापविलेल्या पोलादाचा कस जातो आणि घासलेल्या खाचेवरचा घोडा धक्क्यासरशी निसटतो. नळीला पोचा पडला असेल, ती फुगली असेल, सांध्यात खुळखुळत असेल, तर ती बंदूक कारागिराने पाहीपर्यंत भरूच नये.

बंदूक निर्दोष असली तरी हात निर्दोष असावे लागतात. भरण्यापूर्वी नळीतून आरपार पाहावे. बांध ओलांडताना, मचाणावर चढताना काडतूस काढून घ्यावे. बार उडाला नाही, तर तोंड मोकळ्या दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. दारू कधी उशिरानेही पेट घेते. अंधारात हललेल्या पिकावर नेम धरू नये, कारण शेजारच्या वावरातही कोणी जागलीला बसलेला असतो. आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे विसरू नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही हे वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाच्या नासाडीसाठीही त्यांना मारावयाचे तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी अनुमती लागते.

शेतकऱ्याने एवढे करावे; मग शासनाने काय करावे? निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करवून घेतल्या जातात आणि आठवडेच्या आठवडे त्या तेथे पडून असतात. या मुदतीत जिल्ह्याच्या पोलिस मुख्यालयातील शस्त्रकाराने ठाण्यात येऊन प्रत्येक बंदूक पाहावी, तिच्या घराची लांबी मोजावी, कोणते काडतूस चालेल हे परवान्यावर नोंदवावे, अशी आमची सूचना आहे. वर्षातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी परवानाधारक कारागिराचे दुरुस्ती शिबिर भरवावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाला स्थान दिले आहे. ते शिबिराच्याच दिवशी जुन्या धारकांनाही द्यावे.

यावर दोन आक्षेप येतील. मनुष्यबळ नाही, असे प्रशासन म्हणेल. परंतु बंदुका आधीच एका जागी गोळा झालेल्या असताना तपासणीचे काम निम्मे झालेलेच असते. बंदूक दाखविली तर ती जप्त होईल, अशी भीती शेतकऱ्याला वाटेल. ती निराधार नाही. म्हणूनच बंदूक निकामी ठरली तरी परवाना अबाधित राहील आणि त्यावर दुसरी घेता येईल, असे जिल्हाधिकाऱ्यांनी आधी जाहीर केले पाहिजे. हा विश्वास मिळाला नाही, तर सदोष बंदुका लपविल्या जातील. आणि ज्यांच्यापाशी बंदूकच उरणार नाही, त्यांपैकी काहीजण कुंपणात वीज सोडण्याच्या बेकायदा मार्गाला लागतील. त्या तारेने विदर्भात माणसांचेही बळी घेतले आहेत आणि वाघांचेही.

पुढच्या निवडणुकीत बार्शीटाकळीच्या ठाण्यात पुन्हा बंदुका जमा होतील. त्या परत देताना पावतीबरोबर तपासणीचा एक दाखला शेतकऱ्याच्या हाती पडावा, एवढेच मागणे आहे.