जुनी चामडी पिशवी टाकून देण्यापूर्वी

धानाची कापणी आटोपत आली की आमच्या ब्रह्मपुरीकडच्या घराघरांतून आवराआवर सुरू होते. पावसाळ्यात दमट झालेल्या गोधड्या अंगणात येतात, ट्रंकांची झाकणे उघडतात, अलमाऱ्यांचे खण रिकामे होतात. अशा वेळी एखाद्या खणाच्या तळाशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची जुनी चामडी पिशवी सापडते. तिच्यावर पांढरट बुरशीचा थर असतो, पट्ट्याला भेगा पडलेल्या असतात आणि कुबट वास येत असतो. ‘ही आता टाकून द्या,’ असे घरातील कोणीतरी सहज बोलून जाते. तसे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढ्यासाठी आजचा हा लेख आहे.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. आई शिक्षिका होती. नागपूरला सीताबर्डीवर घेतलेली तपकिरी पिशवी खांद्याला अडकवून तिने कितीतरी वर्षे एस. टी.चा प्रवास केला. पुढे तिची स्मृती क्षीण होऊ लागली. तेव्हा बुरशी धरलेली ती पिशवी मी अडगळीच्या खोलीत टाकली आणि तिच्या हाती नवी, हलकी, धुता येणारी पिशवी दिली. मला वाटले, सोय केली. त्यानंतर रोज दिवेलागणीला आई घरभर काहीतरी शोधत फिरू लागली. ‘शाळेला उशीर होतोय, माझी पिशवी कुठे आहे?’ एवढाच तिचा प्रश्न असे. नवी पिशवी पुढे केली की ती म्हणे, ‘ही दुसऱ्या कोणाची तरी आहे.’ अखेर जुनी पिशवी मी परत काढली. पण तिला भरपूर खोबरेल तेल चोळून दुसरी चूक केली. ती चिकट झाली, धूळ धरू लागली आणि पुढच्या श्रावणात पूर्वीपेक्षा अधिक बुरशी आली. पुढे जे सांगितले आहे, ते या दोन चुकांनंतर शिकलेले आहे.

प्रथम चामडे म्हणजे काय ते समजून घेऊ. जनावराचे कातडे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. ते तसेच ठेवले तर कुजते. कमावले म्हणजे टिकते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला हिरडा आपण त्रिफळ्यामुळे ओळखतो. हाच हिरडा आणि बाभळीची साल पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावण्यासाठी वापरली गेली आहे. हिरडा चावला की तोंड कोरडे पडते, कारण त्यातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते. कातड्यातील प्रथिनांनाही ते तसेच बांधते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल अशाच वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची पद्धत पुढे आली आणि आजच्या बहुतेक मऊ पिशव्या त्याच पद्धतीच्या असतात. कमावल्यानंतर चामड्यात स्निग्धांश मुरवतात. तो आटला की तंतू एकमेकांवर घासतात, चामडे ताठरते आणि भेगा पडतात.

आपल्या भागाचे हवामान चामड्याची दोन्ही बाजूंनी परीक्षा पाहते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कोरडी हवा चामड्यातील ओलावा शोषून घेते. त्याच दिवसांत कूलर चालू असलेल्या खोलीत मात्र दमटपणा साचतो. मग पावसाळा येतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की चामड्यावर बुरशी वाढू लागते. म्हणून पिशवी साफ करण्यास दिवाळीनंतरचे कोरडे, सौम्य दिवस सर्वांत चांगले.

पहिले काम पिशवी रिकामी करण्याचे. ते पिशवीच्या मालकिणीसमोर आणि तिच्या संमतीने करावे. जुनी तिकिटे, पावत्या, किल्ल्या, छायाचित्रे एका ताटात काढून ठेवावीत. कागद आपल्या मनाने फेकू नयेत. गोळ्या सापडल्या तर मात्र त्या लगेच बाजूला कराव्यात. मुदत उलटलेल्या किंवा वेष्टणातून सुटलेल्या गोळ्या स्मृती कमी झालेल्या व्यक्तीच्या हाती पडणे धोक्याचे असते.

दुसरे काम ओळखीचे. पिशवीची न दिसणारी कड पाहावी. कडेला किंवा आतल्या बाजूला तंतू दिसले तर बहुधा ते खरे चामडे होय. विणलेल्या कापडावर पातळ थर दिसला आणि तो पापुद्र्यासारखा सुटत असला तर ते रेक्झिन किंवा कृत्रिम चामडे आहे. त्याचा थर एकदा सुटू लागला की घरच्या कोणत्याही उपायाने तो थांबत नाही. ओळखण्यासाठी कोपरा जाळून पाहण्याची जुनी रीत टाळावी. त्यानंतर झाकल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो तसाच राहिला तर चामड्यावर संरक्षक लेप आहे. तो मुरून डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे आणि पाणी अगदी बेताने वापरावे लागेल. घासून खरखरीत केलेल्या मखमली पृष्ठाच्या चामड्याला पाणी किंवा क्रीम लावूच नये. कोरड्या ब्रशने झटकावे.

तिसरे काम बुरशी काढण्याचे. दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी हे काम स्वतः करू नये व त्या जागी बसूही नये. इतरांनी नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि हातमोजे घालून, घराबाहेर, वारा आपल्याकडून पलीकडे जाईल अशा बाजूस उभे राहावे. मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी. अस्तर उलटे करून तेही झाडावे. मग औषधाच्या दुकानात मिळणारे रबिंग अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, त्यात किंचित ओलसर केलेल्या कापडाने हलकेच पुसावे. आधी झाकल्या जागी रंग सुटतो का ते पाहावे. सुटत असल्यास हा उपाय सोडून द्यावा. अल्कोहोल पेट घेते, म्हणून जवळ चूल, शेगडी, उदबत्ती नसावी. पिशवी दिवसभर सावलीत वाळू द्यावी आणि ब्रश व कापड घरात आणण्यापूर्वी धुवावे.

चौथे काम स्वच्छतेचे. चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते. कपड्यांचा साबण आणि धुण्याचा सोडा क्षारधर्मी असतात, म्हणून ते चामड्याला मानवत नाहीत. लेप असलेल्या चामड्यासाठी वाटीभर पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ सुती कापड त्यात भिजवून घट्ट पिळावे आणि पिशवीची एक पूर्ण बाजू सारख्या हाताने पुसावी. केवळ डागाची जागा पुसली तर तेथे ओलाव्याची कड उमटते. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने साबणाचा अंश काढावा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपावे. ऊन, हीटर आणि केस वाळवण्याचे यंत्र यांपासून पिशवी दूर ठेवावी. रॉकेल, पेट्रोल आणि नखांचा रंग काढण्याचे द्रव्य कदापि वापरू नये.

पाचवे काम स्निग्धांश परत देण्याचे. पिशवी पूर्ण वाळल्यावर, साधारण एक दिवसानंतर, चामड्यासाठीचे रंगहीन क्रीम वाटाण्याएवढे घेऊन सुती कापडाने पातळ पसरावे. रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी कोरड्या कापडाने जादा अंश पुसून घ्यावा. वर्षातून एक-दोनदा एवढे पुरे. खोबरेल, तीळ, मोहरी यांची तेले चामड्याला गडद करतात, हळूहळू खवट होतात आणि धूळ धरतात. बुटांचे रंगीत पॉलिश साडीला लागते, म्हणून तेही नको.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फार जुन्या, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यावर हात फिरवताच कधी तांबूस भुकटी निघते. हा चामड्याचाच ऱ्हास असतो. अशा पिशवीला पाणी लावले तर ती काळी पडून कडक होते. ती फक्त हलकेच झटकावी, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि रोजच्या वापरातून निवृत्त करावी.

पितळी बक्कल चिंचेने किंवा लिंबाने घासण्याचा मोह होतो. पण ती आंबट धार चामड्यावर उतरून डाग पाडते. बक्कलाखाली कागद सरकवून कोरड्या कापडाने घासावे. रिबिटांभोवती साचलेला हिरवा मेणचट थर लाकडी काडीने खरवडून पुसून घ्यावा. अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासली की ती सरकू लागते. कुबट वास राहिला तर उघडी पिशवी मोठ्या डब्यात ठेवावी, शेजारी वाटीत खाण्याचा सोडा ठेवावा आणि डबा दोन-तीन दिवस झाकावा. सोडा चामड्याला लागू देऊ नये. उसवलेली शिवण मात्र घरी दाभण घेऊन शिवू नये, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर नाहीच. ते काम बाजारातील चर्मकाराच्या कुशल हातांचे आहे. त्याला कामाचे दाम घासाघीस न करता द्यावे.

पिशवी ठेवताना आत धुतलेल्या जुन्या सुती साडीचे तुकडे भरावेत, म्हणजे आकार टिकतो. वर्तमानपत्राची शाई लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, म्हणून कापडी पिशवीच बरी. बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. डांबराच्या गोळ्या तर घालूच नयेत. त्यांच्या वाफा शरीराला अपायकारक असतात. जी-६-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या, विशेषतः तान्ह्या मुलांच्या, तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटू शकतात. शिवाय स्मृती हरवलेली व्यक्ती ती पांढरी गोळी बत्तासा समजून तोंडात टाकू शकते.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला आणि आपल्या तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्यात गेली, ते अनेकांच्या स्मरणात असेल. पुराच्या पाण्यात भिजलेल्या वस्तूबाबत नियम अधिक कडक हवा. त्या पाण्यात सांडपाणी आणि जनावरांचे मलमूत्र मिसळलेले असते. हाताला जखम असेल तर रबरी हातमोज्यांशिवाय तिला शिवू नये. स्वच्छ पाण्याने चिखल काढावा, पिळू नये, आत कोरडी सुती कापडे भरून ती वारंवार बदलावीत आणि सावलीत सावकाश वाळवावे. एवढे करूनही अस्तर कुजके राहिले तर अस्तर तरी बदलावे. तशी पिशवी आजाऱ्याच्या उशाशी ठेवू नये.

आता सेवा करणाऱ्यांसाठी थोडेसे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले की, वृद्धांचे गतकाळात रमणे हा बुद्धीचा ऱ्हास मानू नये. आयुष्याचा आढावा घेण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. पिशवीची सफाई हे त्याचे साधे निमित्त होऊ शकते. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसवून, चांगल्या उजेडात, पंधरा-वीस मिनिटे त्यांच्या हाती फक्त कोरडे मऊ कापड द्यावे. द्रावणे आपल्याकडे असावीत. संधिवाताने बोटे वळत नसतील तर कापडाची जाड घडी द्यावी. ‘हे आठवते का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. ‘हा पट्टा किती मऊ झाला आहे,’ एवढेच म्हणावे आणि थांबावे.

ती पिशवी पुन्हा वापरात येणार असेल तर ती हलकी राहील असे पाहावे. एका खांद्यावरचे ओझे तोल बिघडवते आणि वॉकरच्या दांडीला अडकवलेली जड पिशवी वॉकरच उलटवू शकते. आत रुमाल, चष्मा, चालू औषधांची यादी आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. दागिने आणि मूळ कागदपत्रे अन्यत्र सुरक्षित ठेवावीत, पण पिशवी अगदी रिकामी करू नये. काही सुटी नाणी आणि एखादी जुनी किल्ली राहू द्यावी.

आईची पिशवी आता तिच्या पलंगाजवळच्या खुंटीला असते. पट्टा चर्मकाराने नवा घातला आहे, एका कोपऱ्यावर माझ्या खोबरेल तेलाचा काळसर डाग कायम आहे. दिवेलागणीची अस्वस्थता पूर्णपणे गेलेली नाही. पण ‘माझी पिशवी कुठे आहे?’ असे आईने विचारले की आता मला ती तिच्या मांडीवर ठेवता येते. ती कडी उघडते, आत हात घालून किल्ली चाचपते आणि कडी पुन्हा लावते. मग बऱ्याचदा जेवायला येते.