ओटीतले बियाणे, कोठीतले बियाणे



परवा कामरगावच्या शिवारात एक वहिनी धुऱ्यावर मोबाईल धरून ताटकळत होत्या. ई-पीक पाहणीसाठी सोयाबीनचा फोटो काढायचा, आणि फोन अडकलेला. २०२१ पासून पिकाची नोंद आपली आपणच मोबाईलवर करतो. ती राहिली, तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि हमीभावाच्या विक्रीला किंवा नुकसानीच्या मदतीला कागद अडतो. मुलगा म्हणाला, "साहेब, ३२ जीबीचा फोन आहे, तरी असा!"

घोळ इथेच आहे. ३२ जीबी ही साठवण, म्हणजे फ्लॅश मेमरी. ती घरातली कोठी. कामाच्या वेळी लागते ती रॅम, म्हणजे सरत्यामागे चालणाऱ्या बाईची ओटी. हात घातला की मूठ भरली. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो, फ्लॅशमधून दहा हजारावा. म्हणजे हजारपट उशीर. पण फोन बंद झाला की ओटी रिकामी होते, कोठीतले मात्र राहते. म्हणून दोन्ही हव्यात.

कोठ्याही सारख्या नसतात. मेमरी कार्डावर इंग्रजी सी अक्षराच्या पोटात ४ असेल, तर सेकंदाला किमान ४ एमबी लिहिण्याची हमी. १० असेल तर १० एमबीची. स्वस्त कार्ड घेताना हा आकडा कोणी पाहत नाही, दुकानदार तर सांगतच नाही. शिवाय फ्लॅशवर नवे लिहिण्याआधी जुने पुसावे लागते, तेही वाफेच्या वाफे. कोठी गच्च भरली की जागा करण्यातच वेळ जातो.

हल्ली फोनमध्ये "रॅम वाढवा" अशी सोय असते. ती कोठीच्याच एका कोपऱ्याला ओटी म्हणते. त्याने रॅमचा वेग येत नाही. फोन घेताना खरी रॅम किती, हे विचारूनच घ्या. ४ जीबीपेक्षा कमी मी तरी घेणार नाही.

वहिनींच्या फोनची रॅम २ जीबी, आणि साठवण पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. व्हिडिओ कार्डावर हलवले, बाकीची ॲप बंद केली, फोन बंद करून चालू केला. दुसऱ्या खेपेला फोटो गेला. शेजारच्या वावरात तूर होती, तिचाही लगेच काढून घेतला.