चाकांवरील नगरदर्शन

हल्लीं वऱ्हाडांतील कांहीं कुटुंबें सुटींत युरोपचा प्रवास करितात. तेथील अनेक शहरांत ‘सेगवे’ नांवाच्या यंत्रावर उभें राहून वाटाड्याच्या मागोमाग नगर पाहण्याची सोय असते. या यंत्राचीं दोन चाकें सायकलीप्रमाणें मागेंपुढें नसून शेजारीं शेजारीं असतात. स्वार पुढें झुकला कीं तें चालूं लागतें, मागें झुकला कीं थांबतें. तोल यंत्रच सांभाळतें. २००१ सालीं तें जगापुढें आलें. मूळ सेगवेचें उत्पादन २०२० सालीं थांबलें, तरी नगरदर्शनाची ही रीत टिकून आहे.

या रीतीची थट्टा करण्याचें कारण नाहीं. न दमतां थोड्या वेळांत पुष्कळ पाहावयास मिळतें. परंतु अरुंद रस्त्यांवरून अशा स्वारांच्या रांगा धावूं लागल्या म्हणजे पायीं चालणाऱ्या रहिवाशांस उपद्रव होतो. म्हणूनच प्राग शहरानें २०१६ सालीं आपल्या जुन्या भागांत त्यांस बंदी केली. पाहुण्यानें यजमानाची वाट अडवूं नये, हेंच खरें.

आमच्या मतें या सहलीचें मोल चाकांत नसून वाटाड्याच्या वाणींत आहे. तो थांबवितो, बोट दाखवितो, आणि मुका दगड बोलूं लागतो. आपल्या गांवांत असा वाटाड्या कोठें आहे? पिंढाऱ्यांपासून सावकारांचें व व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या अमदानींत १८०७ सालीं अमरावतीचा परकोट बांधावयास घेतला. त्यास पांच दरवाजे व चार खिडक्या. जवाहर दरवाज्यांतून किंवा अंबा दरवाज्यांतून नित्य जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांस हें सांगतां येईल? अकोल्याचा असदगड कोणा असदखानाच्या नांवाचा, बाळापुरास नदीकांठीं उभी असलेली छत्री मिर्झाराजे जयसिंगांच्या नांवाची, हें तरी किती घरीं ठाऊक आहे?

विद्यार्थिमित्रहो, ही उणीव तुम्हींच भरून काढावी. त्यास यंत्र नको, द्रव्यही नको. चौघांनीं मिळून परकोटाच्या कडेनें फिरावें, वडीलधाऱ्यांस विचारावें, जिल्ह्याचें गॅझेटियर वाचावें, आणि मग घरीं आलेल्या पाहुण्यांस आपलें गांव दाखवावें. पालकांनींही एखादा रविवार मुलांसमवेत यासाठीं द्यावा. युरोप अवश्य पाहावा, परंतु तेथें कोणी “तुमचें गांव कसें आहे?” असें पुसल्यास खालीं मान घालण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊं नये.