भागाकार विसरू नका



गेल्या अंकातील पत्रलेखकांनी अन्नव्यवस्थेच्या हरितगृह वायू उत्सर्जनाबाबत भारत-अमेरिकेला एकाच पंगतीत बसवले, हे अन्यायाचे आहे. २०१५ साली जगाच्या अन्नव्यवस्थेतून सुमारे १८ अब्ज टन उत्सर्जन झाले. अमेरिकेचा वाटा ८.२ टक्के, भारताचा ६.३. लोकसंख्येने भागा: अमेरिकेत माणशी साधारण साडेचार टन, आपल्याकडे एक टनाहूनही कमी!

पण म्हणून भातखाचरांतल्या मिथेनकडे काणाडोळा नको. पाणी सतत तुंबवून न ठेवता खाचर अधूनमधून सुकू दिले, की मिथेन बराच घटतो. पण पुढचे पाणी वेळेवर मिळण्याची खात्री नसेल, तर शेतकरी खाचर सुकवेल कसा? आधी ती खात्री द्या.

— एक मराठी वाचक, वाराणसी